पेंग्विन, खिडकी आणि शनिवारचा सहाचा तास

फिनलंडमधल्या ओउलू गावच्या कोइवुला सोसायटीत शनिवारी संध्याकाळी सहा ते सात हा सौनाचा, म्हणजे तापवलेल्या वाफेच्या खोलीचा, तास कुणी सुखासुखी सोडत नसे. तळघरातला सौना एकच, घरं अठ्ठावीस, आणि तास वर्षानुवर्षं वाटून दिलेले. दुपारी तीनच्या तासाला शेगडीवरचे दगड नुसते कोमट होऊन आळस देत असतात. नऊच्या तासाला बाकड्यांवर इतक्या जणांचा घाम मुरलेला असतो की आपण सौनात बसलोय की दुसऱ्याच्या मोज्यात, ते कळत नाही. पण सहाला! सहाला दगड आतपर्यंत तापलेले, लाकडाला गोड वास, पाणी टाकलं की अशी वाफ उठते की आठवडाभराचे सगळे अपमान अंगातून निघून जातात.

पिल्वीच्या आजोबांना, म्हणजे ताइस्तो उक्कींना, हा तास अकरा वर्षं यादीत थांबून मिळाला होता. वरच्या मजल्यावरचं जोडपं सगळं विकून स्पेनला राहायला गेलं, त्या दिवशी उक्कींनी बाल्कनीत झेंडा लावला होता. लोकांना वाटलं कुठला तरी राष्ट्रीय सण आहे.

आणि यादीत आता पहिलं नाव होतं रौनीचं. रौनी म्हणजे सोसायटीची चेअरमन. वय एकाहत्तर, चालणं सैनिकासारखं, आणि हातात कायम चिकटपट्टीचं रीळ. जिन्यात तिने लावलेल्या सूचना वाचता वाचता माणूस तिसऱ्या मजल्यावर कधी पोचतो ते कळत नाही. "सायकल इथे ठेवू नये." "इथेही ठेवू नये." "वरील सूचना काढणाऱ्याने ती परत आणून द्यावी." तिच्याकडे गेली एकोणीस वर्षं शनिवारचा तीनचा तास होता, कोमट दगडांचा, आणि उक्कींच्या सहाच्या तासाकडे ती मांजराने मासळीकडे बघावं तशी बघायची.

आता मुख्य भानगड. सौनाची शेगडी, दाराचं कुलूप आणि दाराबाहेरचा छोटा पडदा हे सगळं तळघरातला एक म्हातारा कॉम्प्युटर चालवायचा. वेळ झाली की शेगडी तापवायची, ज्याचा तास त्याचं नाव आणि वेळ पडद्यावर दाखवायचं, आणि त्याचीच प्लास्टिकची किल्ली दाराला टेकवली तर दार उघडायचं, एवढंच त्याचं आयुष्य. त्यावर विंडोज होतं, तेही इतकं जुनं की सुरू होताना कण्हायचं. पिल्वीने नववी संपता संपता शाळेच्या प्रकल्पासाठी हेच सगळं करणारा नवा प्रोग्राम लिहिला होता, पेंग्विन हे चिन्ह असलेल्या लिनक्सवर चालणारा. मार्क मिळाले दहापैकी दहा. तेव्हापासून पिल्वी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होती.

"काढून टाका ते जुनं," उक्की कमिटीच्या सभेत म्हणाले. "घरच्या पोरीने केलंय. फुकट. शिवाय पेंग्विनचं चित्र आहे."

"त्या जुन्याला अठरा वर्षं झाली," रौनी म्हणाली. "अठरा वर्षांत एकदाही कुणी गारठलं नाही. तुझा पेंग्विन बर्फात राहतो ताइस्तो, तो काय शेगडी तापवणार!"

"आणि तुझी ती खिडकी? खिडकीतून तर थंडीच येते!"

हे पाऊण तास चाललं. शेवटी सगळ्यांनी एस्कोकडे पाहिलं. एस्को कमिटीचा तिसरा सभासद. वर्षाकाठी दहा-बारा शब्द बोलायचा, पण बोलला की विषय संपला. त्याने वेलदोड्याच्या पावाचा घास सावकाश गिळला, कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "दोन्ही."

झालं! ठराव पास. एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही ठेवायचं. सुरू केलं की दहा सेकंद विचारणार, खिडकी हवी की पेंग्विन? आणि भांडण नको म्हणून, रस्त्यावर गाड्या लावतात तसं करायचं: सम तारखेला पेंग्विन, विषम तारखेला खिडकी. सम तारखेला सकाळी सातला उक्की खाली जाऊन बटण दाबणार, विषमला रौनी.

"मी एका दुपारीत करून देते," पिल्वी म्हणाली. "यात काय! डिस्कचे दोन भाग करायचे. एकात ही, एकात तो. पावाचे दोन तुकडे करावेत तसं."

"पावाचे तुकडे करताना चुरा पडतो," रौनी म्हणाली आणि पिशवीतून कागद काढला. "यावर सही कर."

कागदावर लिहिलं होतं: 'सदर कामामुळे काहीही बिघडल्यास, मी संपूर्ण उन्हाळा सौनाची बाकडी घासून देईन.' पिल्वीने वाचलंसुद्धा नाही. झोकात सही केली, खाली एक पेंग्विनही काढला.

मंगळवारी, दहा जूनला, काम झालं. तळघर बाँब पडले तरी टिकावं म्हणून बांधलेलं. भिंती हातभर जाड, त्यामुळे तिथे इंटरनेटही शिरायचं नाही. पिल्वी जमिनीवर मांडी घालून बसली होती, उक्की कारण नसताना टॉर्च धरून उभे होते आणि रौनी दोघांच्या मधोमध डोकं घालून बघत होती.

"इथे काय विचारतंय?" रौनी म्हणाली.

"विचारतंय, सगळं पुसून टाकू का?"

"कुणाचं सगळं?"

"तुमचं."

रौनीने कॉम्प्युटरला मिठीच मारली. "माझ्या अठरा वर्षांच्या याद्या आहेत त्यात! मांजराचे फोटो आहेत!"

"सोसायटीच्या कॉम्प्युटरमध्ये मांजराचे फोटो?" उक्कींचे डोळे चमकले. "ठरावात नव्हतं हे."

"अहो, मी नाही म्हणतेय त्याला," पिल्वी म्हणाली. "'शेजारी शेजारी राहू दे' असं सांगतेय. हे बघा, मध्ये भिंत घातली. मांजर या बाजूला, पेंग्विन त्या बाजूला. दोघांची भेटच होणार नाही."

आणि खरंच जमलं! दोन तासांनी पडद्यावर यादी आली, वर पेंग्विन, खाली खिडकी. पिल्वीने पेंग्विन निवडला. शेगडी टक् करून सुरू झाली. उक्कींनी टाळ्या वाजवल्या, त्यात टॉर्च खाली पडून फुटला.

एकच बारीकशी गोष्ट. पेंग्विनचं घड्याळ रात्रीचे आठ दाखवत होतं, आणि वाजले होते पाच. पिल्वीने भुवई उडवली. जुनं यंत्र, आतली बॅटरी म्हातारी, चक्रावलं असेल, असं म्हणून तिने हाताने पाच वाजवले आणि कुणाला काही बोलली नाही. बोलायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी अकरा तारीख, विषम. सकाळी सातला रौनी खाली गेली, तिने खिडकी उघडली, आणि घड्याळ पहाटेचे चार दाखवत होतं. सव्वासातला जिन्यात सूचना लागली: 'कुणीतरी सौनाचे घड्याळ तीन तास मागे केले आहे. कोणी, ते कमिटीला ठाऊक आहे. तक्रार क्र. १.'

"मी?" उक्की जिन्यातच ओरडले. "मी कशाला मागे करू? माझं वय बघता मला वेळ पुढे-मागे करायची असती तर चाळीस वर्षं मागे केली असती!"

रौनीने घड्याळ नीट केलं. गुरुवारी बारा तारीख, सम. उक्की खाली गेले, तर पेंग्विनचं घड्याळ तीन तास पुढे! सातच्या जागी दहा. उक्कींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सूचना लिहिली. चिकटपट्टी नव्हती म्हणून जखमेवरची पट्टी लावली. 'जिने पुढे केले तिने लाज बाळगावी.' मग त्यांनी घड्याळ नीट केलं. शुक्रवारी रौनी गेली, पुन्हा तीन तास मागे. तक्रार क्रमांक दोन.

आता सोसायटीचा नियम असा: एका घराविरुद्ध तीन लेखी तक्रारी झाल्या, की कमिटी बसणार, आणि आरोप खरा ठरला तर सौनाचा तास जाणार. तो कुणाला मिळणार? यादीतल्या पहिल्या नावाला. पहिलं नाव कुणाचं, ते सांगितलंच आहे.

"उक्की, एक तक्रार उरलीय," पिल्वी म्हणाली. "जरा सांभाळून. तिच्याशी भांडू नकोस."

"मी भांडत नाही. मी फक्त बरोबर असतो, मोठ्या आवाजात."

"पुढच्या शनिवारी भर उन्हाळ्यातला मोठा सण आहे. सगळं गाव आपापल्या तलावाकाठच्या, सौना असलेल्या झोपडीत जाणार. आपल्याकडे झोपडी नाही. आपल्याकडे तो एक तास आहे."

उक्कींनी फ्रीझरकडे पाहिलं. त्यांनी सणासाठी सौनात अंगावर झोडायची बर्चच्या कोवळ्या फांद्यांची जुडी आधीच बांधून फ्रीझरमध्ये ठेवली होती, आइस्क्रीमच्या डब्याला टेकवून, उभी.

शुक्रवारी रौनीने मात्र हद्दच केली. घड्याळ आपल्या मनगटाशी सेकंदासकट जुळवलं आणि सगळ्या कीबोर्डवर चिकटपट्टी मारली. फक्त बाण आणि एंटर एवढी बटणं उघडी ठेवली, खिडकी की पेंग्विन ते निवडायला. दाराबाहेरच्या पडद्याखाली सूचना लावली: 'ही वेळ तपासून बरोबर केलेली आहे. घड्याळाला हात लावू नये. रौनी, चेअरमन.' खाली शिक्का.

शनिवार आला, चौदा जून. सम तारीख, पण उक्की पहाटे चारलाच होडी घेऊन नदीच्या मुखाशी मासे धरायला गेले होते, म्हणून बटण दाबायचं काम पिल्वीकडे आलं. ती आठला डोळे चोळत खाली गेली, बाण, एंटर, पेंग्विन, आणि यंत्र पुरतं उठायच्या आतच जिन्याने वर पळाली. घड्याळाला हात लावायचा नव्हताच. तिने ते बघितलंसुद्धा नाही.

आता उक्की मासे धरायला जाताना घड्याळ घरी ठेवतात. त्यांचं म्हणणं, माशांना टिकटिक ऐकू येते. आणि ओउलूत जूनमध्ये सूर्याला विचारण्यात काही अर्थ नसतो. तो कधीही बघा, आहेच आपला वर, शिफ्ट संपलेली न कळलेल्या माणसासारखा. तर उक्की परतले, सगळे मासे साफ करायला म्हणून तळघराच्या दाराने आत आले, आणि पडद्यावर पाहतात तो १७:४०! खाली रौनीची सही, शिक्का.

"अरे देवा, गेला की दिवस!" म्हणून त्यांनी मासे बादलीत सोडले, टॉवेल घेतला आणि ठीक १८:०० वाजता किल्ली दाराला टेकवली. दार उघडलं. दगड सणसणीत तापलेले. उक्की वरच्या बाकड्यावर बसले, पाणी टाकलं आणि गाऊ लागले.

पिल्वी अंगणात मैत्रिणीच्या सायकलची चेन बसवत होती. तेवढ्यात तळघरातून असा आवाज आला की झाडावरचे सीगल उडाले.

ती धावत खाली गेली. दाराबाहेर रौनी उभी, अंगात गुलाबी बाथरोब, हातात साबणाची टोपली, आणि मुठीने दार बडवत होती. किल्ली टेकवली की दार लाल दिवा दाखवत होतं. पडद्यावर लखलखीत अक्षरं: 'ताइस्तो. १८:०८.'

"बाहेर ये!" रौनी ओरडली. "माझा तास आहे!"

"तुझा तास तीनला होता!" आतून आवाज. "सहा वाजले! म्हातारपणी वेळ कळेनाशी झाली तर डॉक्टरकडे जा!"

"तीनच वाजलेत!"

दार किलकिलं झालं. वाफेतून आधी एक लालबुंद पाय आला, मग टॉवेल, मग उक्की. त्यांनी ओल्या बोटाने पडद्याकडे दाखवलं. "वाच. अठरा-शून्य-आठ. खाली सही कुणाची? माझी? माझ्या सहीत इतकी वळणं नसतात."

रौनीने मनगट त्यांच्या नाकासमोर धरलं. "तीन वाजून आठ!"

दोघांनी पिल्वीकडे पाहिलं. पिल्वीने फोन काढला. "पंधरा... शून्य आठ."

सायकलींच्या खोलीतून एस्को आला. खांद्यावर गालिचा होता. त्याने उक्कींकडे पाहिलं, रौनीकडे पाहिलं, आपल्या घड्याळाकडे पाहिलं. "तीन," म्हणाला, आणि गालिचा धुवायला निघून गेला.

उक्कींचा चेहरा क्षणभर पडला. मग उजळला. "म्हणजे माझा सहाचा तास अजून यायचाय?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. रौनीच्या मानेवरून लाली वर चढत चढत बाथरोबच्या रंगाला मिळाली. "आलं लक्षात! घड्याळ पुढे करायचं, माझ्या तासात आयतं भाजून घ्यायचं, आणि मग पुन्हा आपल्या तासाला हजर! दोन-दोनदा! तक्रार क्रमांक तीन, ताइस्तो! बुधवारी सभा!"

तिने तिथल्या तिथे यंत्राची वायर उपटली आणि खोलीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. तोवर सौना हाताने तापवायचा, असा हुकूमही सोडला.

सोमवारी उक्कींनी फ्रीझर उघडला, बर्चची जुडी बाहेर काढली, वास घेतला, परत ठेवली. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पिल्वीला बघवेना.

"उक्की, खरं सांग. तू घड्याळाला हात लावलास?"

"गुरुवारी नीट केलं, तेवढंच. पिल्वी, मी त्या बाईला तोंडावर डुक्कर म्हणेन, पण तिचा तास चोरणार नाही. सौनाचा तास कुणी चोरतं का? माणूस आहे की कोण आहे मी!"

पिल्वीला ते पटलं. पण मग केलं कुणी? रौनीने? रौनी चोरून काही करणं शक्यच नव्हतं. तिने चोरी केली असती तर सूचना लावून केली असती.

आणि मनात कुठेतरी मंगळवारचे ते खोटे आठ टोचत होते.

तिने चौकटींचा कागद घेतला आणि सगळं मांडलं. मंगळवार, पेंग्विन, तीन तास पुढे. बुधवार, खिडकी, तीन मागे. गुरुवार, पेंग्विन, तीन पुढे. शुक्रवार, मागे. शनिवार, पुढे. दरवेळी तीन, ना पावणेतीन ना सव्वातीन. म्हातारी बॅटरी चक्रावली तर ती अशी हिशोबात चक्रावेल? आणि कुठला माणूस इतक्या शिस्तीत लबाडी करेल?

मंगळवारी दुपारी ती ऑनलाइन खेळ खेळत बसली होती, मन लागत नव्हतं. पलीकडे आइसलँडची सोलेय होती, जिला पिल्वी कधी भेटली नव्हती पण जिला आवडणारे सगळे मुलगे तिला माहीत होते.

"थांब, जेवून येते," सोलेयने लिहिलं. "बारा वाजले."

"बारा? इथे तीन वाजलेत. तू कायम मागे असतेस."

"मागे नाही बाई, आम्ही ग्रीनविचचं घड्याळ लावतो, बाराही महिने. तुम्हीच तीन तास पुढे पळालाय."

पिल्वीने हेडफोन काढला. मग खुर्चीवर उभी राहिली. मग ओरडली, "उक्की! पेंग्विनला वाटतंय आपण आइसलँडमध्ये आहोत!"

"काय वाटेल ते वाटू दे," उक्की फ्रीझरजवळून म्हणाले. "माझं डोकं आधीच दुखतंय."

तिने तास-दोन तास वाचलं, आणि जसजशी वाचत गेली तसतसे तिचे कान तापत गेले. हे काही गुपित नव्हतं. दोन प्रणाली शेजारी शेजारी बसवणाऱ्या प्रत्येकाला हे होतं, आणि सगळे आधी वाचतात. ती सोडून सगळे. दहापैकी दहा! तिला सहीखालचा तो पेंग्विन आठवला, हसणारा.

बुधवारी संध्याकाळी सहाला तळघरात सभा भरली. कॉफी, वेलदोड्याचे पाव, मध्यभागी तो म्हातारा कॉम्प्युटर, आरोपीसारखा. उक्की इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. रौनीने तिन्ही तक्रारी मोठ्याने वाचल्या, स्वल्पविरामांसकट.

"ताइस्तोला काही बोलायचंय?"

"त्याला नाही, मला," पिल्वी उठली. आवाज थोडा चिरकला, मग तिने खाकरून तो जागेवर आणला. "शनिवारपासून या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्या गळ्यात," रौनी म्हणाली. "आंघोळीलासुद्धा काढली नाही."

"मग यंत्राला कुणी हात लावला नाही. बरोबर? आता तुम्हीच बटण दाबा. खिडकी निवडा."

रौनीने दाबलं. यंत्र कण्हलं. घड्याळ आलं: १८:१०. सगळ्यांनी मनगटं पाहिली. बरोबर.

"आता बंद करून पुन्हा. या वेळी पेंग्विन. तुम्हीच निवडा, मी इथे हात वर करून उभी आहे. उक्की, तूपण हात वर कर."

उक्कींनी हात वर केले. एका हातात पाव होता. पेंग्विन उठला. २१:१४.

"कोण हललं?" रौनी गर्रकन वळली.

"कोणीच नाही!" पिल्वी म्हणाली. "ऐका. यंत्राच्या पोटात एक छोटं घड्याळ आहे. वीज गेली तरी चालणारं. ते मुकं आहे, नुसता आकडा दाखवतं. खिडकी तो आकडा बघते आणि म्हणते, ही आपल्या गावची वेळ. पेंग्विन तोच आकडा बघतो आणि म्हणतो, ही ग्रीनविचची वेळ, फिनलंडची हवी तर उन्हाळ्यात तीन तास मिळवा. म्हणून तो पुढे. मग उक्की ते नीट करतो, तेव्हा पेंग्विन पोटातल्या घड्याळात ग्रीनविचचा आकडा लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी खिडकी तो वाचते आणि तीन तास मागे पडते. मग तुम्ही नीट करता, आणि पुन्हा पहिल्यापासून. उक्की, कर नीट."

रौनीने स्वतः चिकटपट्टी सोलली. उक्कींनी एका बोटाने वेळ सव्वासहा केली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, खिडकी. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या.

१५:१८.

फक्त एस्कोच्या चावण्याचा आवाज.

"म्हणजे," रौनी हळूहळू म्हणाली, "चार दिवस मी याचं बिघडवत होते?"

"आणि तो तुमचं. दोघंही नीट करता करता."

"आणि माझ्या सही-शिक्क्यानेच याला तीन वाजता सौनात घातलं?"

"छान गरम होता," उक्की म्हणाले. "धन्यवाद."

"उक्की!" पिल्वी म्हणाली, आणि मग मोठा श्वास घेतला, कारण अवघड भाग आत्ताच होता. "चूक माझी आहे. पहिल्याच दिवशी पेंग्विन तीन तास पुढे होता. मी पाहिलं होतं. मला वाटलं जुनं यंत्र आहे, आणि गुपचूप नीट केलं. कुणाला सांगितलं नाही, कारण... कारण मला सगळे हुशार म्हणत होते आणि मला ते फार आवडत होतं. उक्कीचा तास काढू नका. काढायचं असेल तर माझं काहीतरी काढा."

रौनीने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दुरुस्त होतं का हे?"

"एका ओळीत." पिल्वी पेंग्विनमध्ये गेली आणि ती ओळ लिहिली: पोटातलं घड्याळ गावच्याच वेळेचं समज. वेळ शेवटचं एकदा नीट केली. मग पेंग्विन, खिडकी, पेंग्विन, खिडकी, चार वेळा उलटसुलट करून दाखवलं. चारही वेळा सगळ्यांची मनगटं आणि पडदा एकच बोलत होते. पाचव्यांदा उक्कींनी हौस म्हणून करायला लावलं.

सगळ्यांनी एस्कोकडे पाहिलं. त्याने बोटावरचे साखरेचे कण चाटले. "तास ताइस्तोचा," तो म्हणाला. खोलीत खळबळ माजली, कारण तीन महिन्यांचा कोटा एका दमात संपला होता.

रौनीने तिन्ही तक्रारी मधोमध फाडल्या. मग पिशवीत हात घातला आणि दुसरा एक कागद काढला, हसणारा पेंग्विन असलेला. "हा मात्र फाडत नाही."

"संपूर्ण उन्हाळा?" पिल्वीने विचारलं.

"सही करताना वाचायचं असतं."

सणाच्या शनिवारी गाव ओस पडलं होतं. तारीख एकवीस, विषम, म्हणून खिडकी. तीनला रौनी आली आणि चारला बाहेर पडली. मग पिल्वीने बादली, ब्रश आणि पाइन साबण घेऊन बाकडी घासली. रौनी ओल्या केसांनी दारात उभी राहून सांगत होती, "लाकडाच्या रेषेच्या दिशेने घास. आडवं नको. आडवं कोण घासतं?"

"मी दोन्ही दिशांनी करून बघतेय," पिल्वी म्हणाली, "सम बाकडं उभं, विषम आडवं," आणि रौनीला हसू दाबायला साबणाची टोपली तोंडासमोर धरावी लागली.

पावणेसहाला उक्की आले. बर्चची जुडी हातात, वितळून टपटप गळत होती. पडदा पाहिला, मनगट पाहिलं, पिल्वीचा फोन पाहिला. तिन्हींचं एकमत. तरी आत जाईनात. नियम म्हणजे नियम. टॉवेल गुंडाळून दारासमोर ताठ उभे राहिले. १७:५९ चे सेकंद मोजताना त्यांचे ओठ हलत होते. आणि अगदी शेवटी, दोन सेकंद आधी, त्यांच्याने राहवेना. जिन्यातून रौनी बघत असतानाच किल्ली टेकवली. लाल दिवा. मग हिरवा. दार उघडलं, बंद झालं, आणि आतून पाण्याचा चर्रर्र आवाज आला, मग उक्कींचा लांबलचक "आआह", मग गाणं.

पिल्वी बादली ओतून वर निघाली तेव्हा जिन्यात रौनी खुर्चीवर चढून चिकटपट्टी फाडत होती. शाई अजून ओली होती: 'तास सुरू होण्याआधी किल्ली टेकवू नये. दोन सेकंदही नाही. ताइस्तो, हे तुलाच आहे. सणाच्या शुभेच्छा.'